जुडी : राबणाऱ्याच्या मोबदल्यावरचा कर

अन्यायी कर म्हटले की मीठ आठवते. शाळेतल्या पोराला विचारा, नाहीतर पारावरच्या म्हाताऱ्याला विचारा. उत्तर एकच येते. साबरमती, दांडी, मूठभर मीठ. वर्धा जिल्ह्यात तर हे उत्तर अधिकच पक्के आहे. स्वराज्य मिळाल्याखेरीज आश्रमात परतणार नाही, असे म्हणून १९३० साली साबरमती सोडणारे गांधीजी पुढे आमच्याच जिल्ह्यात येऊन राहिले. १९३६ पासून सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, हे त्यांचे घर झाले. मी आर्वीला राहतो, शिकवतो. इथल्या पोरांना मिठाचा सत्याग्रह पाठ असतो. तो पाठ असावा, ह्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ह्या इतिहासातून हळूच बाहेर काढल्या जाणाऱ्या एका प्रश्नाबद्दल. "सारा देश सरकारचा कर नाकारत होता, तेव्हा तुम्ही लोक कुठे होता?" हा प्रश्न मी सभेत ऐकला आहे, शिक्षकांच्या खोलीत ऐकला आहे. आमच्या वस्तीतली मुले तो वर्गात ऐकतात आणि खाली मान घालतात. त्यांच्याजवळ उत्तर नसते, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. उत्तर मात्र आहे. त्याला तारखा आहेत, गावांची नावे आहेत. ते उत्तर समजावून घ्यायचे तर 'जुडी' नावाचा एक कर समजावून घ्यावा लागतो. आणि त्याआधी, कर अन्यायी केव्हा ठरतो हेही नीट पाहावे लागते.

मिठाचा हिशेब

१९३० साली मिठावरचा कर मणाला सव्वा रुपया होता. त्यापूर्वी तो अनेकदा चढला-उतरला. १९२३ साली तो एकदम दुप्पट, अडीच रुपये झाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आला. चाळीस शेरांच्या मणाला वीस आणे, म्हणजे शेराला अर्धा आणा. पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी तीस शेर मीठ लागते असे धरले, तर त्या घराने पंधरा आणे सरकारला दिले. गिरणीमालकाच्या घरानेही पंधरा आणेच दिले आणि त्याच्या गिरणीत राबणाऱ्यानेही तेवढेच. किंबहुना राबणाऱ्याने थोडे अधिकच दिले असतील. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर तिखटमिठाखेरीज दुसरे काही नसते आणि ज्याच्या अंगचा घाम उन्हात जातो, त्याला मीठ अधिक लागते. म्हणजे हा कर वरवर सर्वांना समान आणि प्रत्यक्षात गरिबावर भारी. तो अन्यायी होता ह्यात शंकाच नाही.

त्याविरुद्ध १२ मार्च १९३० रोजी ७८ सत्याग्रहींसह गांधीजी निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर कायदा मोडला गेला. विदर्भाला समुद्र नाही. तेव्हा वऱ्हाडात अकोल्याकडच्या दहीहंडा गावी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा असा कामी आला. पावसाळ्यात चळवळीने जंगलाचा रस्ता धरला. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे ह्यांनी राखीव जंगलातले गवत कापले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. आमचा आर्वीचा भाग गवळाऊ गुरांचा. चराईची पट्टी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जंगलखात्याने गावकऱ्यांची गायराने गिळली, ही तक्रार तर जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच करून ठेवली होती.

एवढे मान्य करून पुढचा प्रश्न विचारायला हवा. मिठावरचा कर सर्वांवर होता, चराईची पट्टी ज्याच्याजवळ गुरे त्याच्यावर होती. मग ज्याच्याजवळ गुरे नव्हती, आणि जमीन होती तीही गावाची चाकरी केल्याबद्दल तोंडदेखली दिलेली, त्याच्यावर कोणता कर होता? त्याच्यावर जुडी होती.

जुडी म्हणजे काय

मुंबई इलाख्यात गावचा महार हा वतनदार. 'वतनदार' ह्या शब्दाला एक तोरा आहे. पाटील वतनदार, कुळकर्णी वतनदार, तसा महारही वतनदार. परंतु शब्द एक असला तरी वस्तू एक नव्हती. पाटलाच्या वतनात अधिकार होता, महाराच्या वतनात राबणूक होती. गावची वेस राखणे, हद्दी दाखवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, मेलेले ढोर ओढणे, कुणाच्या मरणाची वर्दी गावोगाव नेणे, रयतेला चावडीवर सारा भरायला बोलावणे, आणि जमलेल्या साऱ्याची थैली तालुक्याच्या खजिन्यात नेऊन पोचवणे. ह्या कामाला वेळ नाही, सुट्टी नाही. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ह्या जुन्या वेठीला इंग्रजी कायद्याचे कोंदण मिळाले. वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून कामाला लावता येत असे. नोकरी एकाची, पण राबायचे सगळ्या घराने.

ह्या चाकरीचा मोबदला दोन वाटांनी मिळे. एक, रयतेकडून बलुते. ते रयतेच्या मर्जीवर. दुसरी, इनामी जमिनीचा तुकडा. आणि तो पिढ्यान् पिढ्या भावाभावांत वाटून इतका बारीक झालेला की एकेका घराच्या वाट्याला किती येई ते न सांगितलेले बरे. इनामी जमीन म्हणून तिच्यावर पूर्ण सारा घेत नसत. साऱ्याच्या काही अंशाइतकी रक्कम घेत. ही रक्कम म्हणजे जुडी.

आता ह्यातली मेख पाहा. जमीन बक्षीस म्हणून दिलेली नव्हती. ती पगार म्हणून दिलेली होती. तिच्यावर माफ केलेला सारा ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तोच सरकारकडून मिळणारा पगार होता. जुडी वाढवली की पगार तेवढा कापला जातो. जुडी वाढत वाढत पूर्ण साऱ्याला जाऊन भिडली, तर पगार शून्य होतो आणि चाकरी मात्र कायम राहते. जो माणूस गावचा कर पाठीवर वाहून खजिन्यात नेतो, त्याच्याच त्या वाहण्याच्या मजुरीवर कर. मिठाच्या कराने गरिबाच्या ताटात हात घातला. जुडीने राबणाऱ्याच्या मजुरीत हात घातला आणि वर त्याला काम सोडण्याचीही मुभा ठेवली नाही.

असा कर जगात दुसरीकडे झाला नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या सरकारने १८९५ च्या कायद्याने, कराराची मुदत संपल्यावर तिथेच राहू पाहणाऱ्या हिंदी मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. पहिल्या वर्षी ज्याला महिन्याला दहा शिलिंग मजुरी मिळे, त्याची ही सहा महिन्यांची कमाई. हेतू उघड होता : मजुराने एकतर पुन्हा करारात अडकावे, नाहीतर देशाबाहेर जावे, मोकळा माणूस म्हणून त्याने राहू नये. त्याविरुद्ध १९१३ साली कोळशाच्या खाणींतले आणि उसाच्या मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले, बायकापोरांसह ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालत निघाले, आणि १९१४ साली तो कर रद्द झाला. गांधीजींच्या सत्याग्रहाला खरा जनाधार मिळाला तो ह्या मजुरांमुळे. जुडी ही त्याच जातीची गोष्ट होती. फरक एवढाच की नाताळच्या मजुराचा करार पाच वर्षांनी संपे. महाराचा जन्मावर होता आणि मरणानंतर मुलाच्या नावावर चढे.

'सारा घ्या, पण राबणूक सोडा'

कोणी म्हणेल, कर कोणाला आवडतो? महारांनाही तो नको होता, एवढेच. ह्या आक्षेपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली मांडलेले विधेयक हेच उत्तर आहे. त्या विधेयकाचा गाभा साध्या भाषेत असा : ज्या वतनदाराला चाकरी सोडायची असेल त्याला ती सोडता यावी, त्याची जमीन त्याच्याकडेच राहावी, आणि तिच्यावर इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा घ्यावा. ज्यांना चाकरीत राहायचे असेल त्यांचे बलुते रयतेच्या मर्जीवर न ठेवता त्याचे पैशात रूपांतर करून सरकारने ते वसूल करावे.

म्हणजे बाबासाहेब कर टाळू पाहत नव्हते. पूर्ण कर द्यायला ते तयार होते. मागणी एवढीच होती की पूर्ण कर घेता ना, मग माणूस पूर्ण मोकळा करा. वतन ही गुलामी आहे म्हणून ते गेले पाहिजे, आणि ते जात नाही तोवर त्याच्या मोबदल्याला हात लावता कामा नये. ह्या दोन मागण्यांत विसंगती नाही. पहिली मागणी स्वातंत्र्याची आहे, दुसरी मजुरीची. ते विधेयक पार पडले नाही. प्रस्थापितांचा विरोध झाला आणि अखेर ते मागे घ्यावे लागले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ साली वतनाचा प्रश्न पुन्हा विधिमंडळात नेला गेला. तरीही वतन गेले नाही.

हरेगाव आणि सिन्नर

गुलामी काढायला कायदेमंडळाला सवड झाली नाही, पण जुडी वाढवायला सरकारी कारभाराला झाली. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगाव येथे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. परिषदेचे नावच नीट वाचावे. तिच्यात केवळ महार नव्हते. ज्यांच्यात रोटीबेटी नव्हती, ज्यांना गावाने एकमेकांविरुद्ध वापरले, त्या जाती एका कराच्या प्रश्नावर एका मांडवाखाली आल्या. कारण कर वेगवेगळा नव्हता आणि राबणूकही वेगवेगळी नव्हती. वाढीव जुडीचा अन्याय तिथे जाहीरपणे मांडला गेला आणि सरकारला इशारा दिला गेला.

सरकार म्हणजे तेव्हा कोण, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला होता आणि मुंबई प्रांताचा कारभार थेट गव्हर्नरच्या हाती गेला होता. म्हणजे ह्या लढ्यात मध्ये कोणी नव्हते. एका बाजूला इंग्रजांचा गव्हर्नर आणि दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरचा वतनदार.

मागणी मान्य झाली नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला पुन्हा परिषद भरली आणि बाबासाहेबांनी ह्या कराविरुद्ध करबंदीची मोहीम पुकारली. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सभासद होते. ही नेमणूक आदल्याच महिन्यात झाली होती. हिटलरविरुद्धच्या युद्धात त्यांचा सरकारला पाठिंबा होता. तरीही त्याच सरकारचा कर भरू नका, असे सांगायला ते कचरले नाहीत. युद्धात साथ देणे वेगळे आणि अन्यायी कर मुकाट्याने सोसणे वेगळे, एवढा विवेक त्यांच्याजवळ होता आणि तो त्यांनी आपल्या माणसांना शिकवला. मोहिमेच्या जोडीला त्यांनी गव्हर्नरची भेट घेऊन गाऱ्हाणे मांडले. शेवटी तो वाढीव कर सरकारला मागे घ्यावा लागला.

दोन वर्षांचा हा क्रम कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. आधी परिषद, म्हणजे आपल्या माणसांना कर समजावून सांगणे. मग इशारा आणि सरकारला वेळ. मग पुन्हा परिषद आणि नकार. आणि नकार दिल्यावरही बोलणी चालूच. अहिंसक लढा म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. तो हिशेबाने, पायरीपायरीने चढवायचा असतो, आणि शेवटच्या पायरीवर उभे असतानाही समोरच्याला खाली उतरायला वाट ठेवायची असते.

नकाराची किंमत

करबंदी म्हटली की बारडोली सांगितली जाते. १९२८ साली तिथे सरकारने सारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरायचे नाकारले आणि चौकशीनंतर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणली गेली. मोठा लढा होता तो. परंतु तिथे सारा नाकारणारा बहुतेक करून जमीनदार शेतकरी होता आणि त्याच्या शेतात पिढीजात हाळी म्हणून राबणारा दुबळा तसाच राबत राहिला. साऱ्याची टक्केवारी उतरली तरी हाळीच्या गळ्यातला दोर सुटला नाही.

सरकारने जमीन जप्त केली तर बारडोलीच्या पाटीदारामागे गाव होते, जात होती, देशभरातली वृत्तपत्रे होती. जुडी नाकारणाऱ्या महारामागे कोण होते? सरकार त्याची जमीन घेऊ शकत होते आणि गाव त्याचे बलुते. सरकार नोटीस काढते. गाव पाणी बंद करते, दुकान बंद करते, वाट बंद करते. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आमच्या माणसांवर काठ्या चालल्या, तेव्हा सरकार आणि गाव ह्या दोन भिंतींमध्ये उभे राहणे म्हणजे काय ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले होते. त्या दिवशी बाबासाहेबांच्या शब्दाखातर माणसांनी उलट हात उचलला नाही. म्हणून दलिताची अहिंसा समजून घेताना एक ध्यानात ठेवावे : ज्याच्या पाठीशी काहीच नाही, त्याचा संयम ही सर्वांत महाग वस्तू असते. तो संयम आमच्या माणसांनी फुकट दिला आणि इतिहासाने तो कुठे जमा धरला नाही.

'तुम्ही कुठे होता?'

आता त्या प्रश्नाकडे वळू. १९३० साली आम्ही कुठे होतो? दांडीची पदयात्रा निघाली १२ मार्चला. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आमचा सत्याग्रह सुरू झाला होता. तोही अहिंसकच होता. तो पुढे पाच वर्षे चालला. दांडीचा कायदा इंग्रजांचा होता. काळारामाचे दार आपल्याच माणसांनी लावलेले होते. विदर्भात जंगल सत्याग्रह चालू असताना त्याच ऑगस्टमध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. सविनय कायदेभंगाची ती वेळ नव्हे असे मत त्यांनी तिथे मांडले, हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्याच भाषणात त्यांनी इंग्रजी राज्याचाही ताळेबंद मांडला होता : ह्या राज्याने आमच्या अस्पृश्यतेचे काय केले, हे विचारले होते आणि सत्तेत आमचा वाटा मागितला होता. सरकारचा आश्रित असे बोलत नसतो.

मिठाच्या सत्याग्रहाने तरी तो कर लगेच कुठे गेला? मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात कर कायमच राहिला. फक्त जिथे मीठ नैसर्गिकरीत्या मिळते तिथल्या लोकांना घरखर्चापुरते मीठ करायची सवलत मिळाली. कर गेला तो १९४७ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. म्हणून त्या सत्याग्रहाला कोणी लहान म्हणत नाही, म्हणूही नये. मग दोन परिषदा भरवून, नकार देऊन, वाढीव कर सरकारला मागे घ्यायला लावणारा हरेगाव-सिन्नरचा लढा पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेतही का नसावा?

आमच्या भागातले वाचक म्हणतील, जुडी तर मुंबई इलाख्यातली; आर्वीला तिचे काय? मुंबईचा वतन कायदा मध्यप्रांताला लागू नव्हता हे बरोबर आहे. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी, अलीकडे आमच्याकडे मालगुजारी. कायदे निराळे, शब्द निराळे. परंतु आमच्या गावांतला कोतवाल बहुधा महारच होता, आणि मालगुजाराच्या दारची बेगार कोणाच्या वाट्याला येई हे वेगळे सांगायला नको. १९५१ साली मालगुजारी गेली. तिकडे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो कायदा अमलात आला. बाबासाहेब तो पाहायला नव्हते. आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या राबून त्या जमिनीची किंमत चुकवली होती, त्यांना ती कब्जाची रक्कम भरून पुन्हा आपल्या नावावर करून घ्यावी लागली. ज्यांना भरता आली नाही, त्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हा गावोगावच्या फेरफाराच्या नोंदींत वाचण्याचा विषय आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो वाचला पाहिजे.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे. मिठाचा धडा शिकवा, मनापासून शिकवा. तो शिकवून झाला की फळ्यावर तीन प्रश्न लिहा : हा कर कोणी दिला, कशातून दिला, आणि त्याबदल्यात त्याला काय मिळाले? हे तीन प्रश्न मिठाला लावा, चराईच्या पट्टीला लावा आणि मग जुडीला लावा. मिठाच्या आणि चराईच्या बाबतीत निदान मीठ आणि गवत तरी पदरात पडत होते; जुडीच्या बाबतीत पदरात काय पडत होते, ते मुलांना स्वतः शोधू द्या. त्यानंतर वर्गात कोणी "तेव्हा तुम्ही कुठे होता?" असे विचारले, तर मागच्या बाकावरचे पोर मान वर करून सांगेल : आम्ही हरेगावला होतो, आम्ही सिन्नरला होतो.